शेपूट चरबीचं होतं

वाकाटी, ४ मे

नवी जागा शुद्ध करायला केलेला ओल्या पानांचा धूर खोलीत कोंडला होता, म्हाताऱ्या खोकत खोकत हसत होत्या आणि मी क्लिफ्टनवर ओरडत होते, "अरे शहाण्या, खिडकी उघड! पहिल्याच दिवशी सगळ्यांना दवाखान्यात घालतोस का?"

तो म्हणाला, "दवाखान्यातच आहेत."

टॉप्सी आजी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, "ओरड, ओरड. मेहुण्याशी असंच बोलायचं असतं."

मावशी, रक्त धुवायच्या मशीनचं घर उघडलं. किडनीवाल्यांना आता शहरात जाऊन राहायला नको. आम्ही मागितलं तसंच झालं आहे. बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं. बाहेर चूल, चहाला. कुणाचं नाव मोठ्यानं पुकारायचं नाही. नुकत्याच गेलेल्या माणसाचं तेच नाव असलं तर सगळे उठून निघून जातात, हे शहरातल्या लोकांना कधी कळलं नाही. इथं माणूस जवळ येऊन हळू बोलावतो. आणि नर्स आपलाच आहे. क्लिफ्टन शिकून परत आला. बायको-पोरं तिकडं समुद्राकाठी आहेत, थंडी सरली की येतील. हॅरॉल्ड काकांनी सहा वर्षं सरकारला एकच वाक्य लिहिलं होतं: आमचा माणूस द्या. दिला.

खिडकीजवळची खुर्ची तुझी. तिथून डोंगर दिसतो. दुसरं कुणी बसायला लागलं तर मी तिथं माझी टोपी ठेवते.

जाताना तू म्हणाली होतीस, पाय चालतायत तोवर मला परत आण. अठरा तारखेला गाडी पाठवते. फोन करणार होते, पण तुमच्या पेशंटांच्या होस्टेलचा फोन म्हणजे सगळं होस्टेल ऐकतं.

तुझी रेनिता


शहर, १३ मे

पोरी,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाचून दाखवलं. ती लांब उत्तरेची आहे, तिला आपला डोंगर माहीत नाही. मी हवेत बोटानं काढून दाखवला. ती म्हणाली, छोटा आहे. मी म्हटलं, जवळ गेलीस की मोठा होतो.

अठराला गाडी पाठवू नकोस. मला खोकला आहे. शिवाय इथं आता सवय झाली. खाट चांगली आहे. टीव्हीवर फुटबॉल दिसतो. मशीनवर नेणारा ड्रायव्हर वेळेवर येतो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. सुया टोचायला तिथं दुसरं कुणी आहे का? एखादी बाई? की एकटाच आहे?

तू जेवत नाहीस, तुझ्या अक्षरावरून कळतं. दुकानातले बटाट्याचे तळलेले काप म्हणजे जेवण नव्हे.

मावशी


वाकाटी, २४ मे

मावशी,

तू नको म्हटलंस तरी मी गाडी पाठवली. वाटलं, गाडी दारात दिसली की चढशील. गाडी रिकामी आली. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारी ओट्यावर पाठ करून बसली होती, हललीच नाही.

मी तुझं घर झाडून घेतलं होतं. वाऱ्याच्या बाजूला फांद्यांचा नवा आडोसा केला. तुझी कुत्री दोन दिवस रस्त्याकडं तोंड करून बसली, कारण मी मूर्खासारखं तिला सांगून ठेवलं होतं.

टीव्ही चांगला आहे म्हणतेस. चार वर्षांपूर्वी तुला गाडीत घालायला दोन माणसं लागली होती. आठवतं? दार धरून बसली होतीस.

मी विचार केला. एकटाच आहे का, असं तू विचारलंस. म्हणजे तुझा क्लिफ्टनवर विश्वास नाही. तुला तो नाकातून शेंबूड गळणारा पोरगाच आठवत असणार. तसा तो राहिला नाही. हात इतका हलका की हॅरॉल्ड काका सुई टोचताना झोपतात. सोबत फोटो पाठवते. तुझ्या खुर्चीशेजारी उभा आहे, नीट बघ. हसतोय तो माझ्यामुळं. मी त्याला म्हटलं, पोट आत घे, मावशीकडं जाणार आहे फोटो. त्यावर त्यानं फोटो पाठवू नकोस म्हणून फार हट्ट केला. लाजतो.

पुढच्या महिन्यात मी त्यालाच घेऊन शहरात येते. तो स्वतः तुझ्याशी बोलेल, सगळं समजावेल.

रेनिता


शहर, २ जून

पोरी,

त्याला घेऊन येऊ नकोस. आणलंस तर मी नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन बसेन, मशीनचा दिवस असला तरी.

फोटो मी पाहिला नाही. पाकिटातून निघाला तेव्हा पाठ वर होती. मागं तू लिहिलेलं वाचलं आणि तसाच साखरेच्या डब्याखाली ठेवला. शेजारची बाई म्हणते, दाखव की, कोण आहे. मी तिला म्हटलं, साखर घे.

रागावू नकोस. त्या माणसाबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. त्याच्याबद्दल माझ्याकडे बोलणंच नाही. काही गोष्टी कागदावर आल्या की नासतात. त्यात एक व्यक्ती अशी आहे जिचं नाव आपण घेत नाही, ते तर तुला ठाऊक आहे. तुझी आई गेल्यावर मी तुम्हां दोघींना एकाच घोंगडीत निजवत होते. एक राहिलीस.

मला घरी यायचं नाही, असं मी कुठं म्हटलं? इथल्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. निळी गाडी येते, पांढरी जाते. मी त्यांना डोंगर समजायचा प्रयत्न केला, जमत नाही.

कुत्रीला सांग, खोकला आहे.

मावशी


वाकाटी, १२ जून

मावशी,

तुझं पत्र घेऊन मी तडक क्लिफ्टनकडं गेले. म्हटलं, "माझी मावशी तुझ्यामुळं येत नाहीये. तुझा फोटोसुद्धा तिला बघायचा नाही. काय केलंस तू तिला?"

तो मान खाली घालून पाणी शुद्ध करायच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, रडतोय. मी बाहेर उभी राहून म्हटलं, "बरं, रडू नकोस." आतून म्हणाला, "फिल्टर बदलतोय."

त्यानंतर त्याचं डोकं फिरलं आहे. रोज संध्याकाळी मला धरून बसवतो आणि मशीन शिकवतो. मी म्हटलं, दवाखान्यात माझ्याकडं साखरेचे पेशंट आहेत, बाळांची वजनं आहेत, मला हे कशाला? म्हणतो, "शीक." रबराच्या हातात सुया टोचून माझी बोटं दुखतात. चुकले की म्हणतो, "हा हात रबराचा आहे म्हणून गप्प बसलाय."

मग सभेत उभा राहून म्हणाला, बायकांसाठी एक बाई नर्स पाहिजे, निदान काही आठवडे, रेनिता तयार होईपर्यंत. बाहेरची असली तरी चालेल. हॅरॉल्ड काका असे भडकले! "सहा वर्षं आमचा माणूस द्या, आमचा माणूस द्या करत घसा कोरडा केला, आणि तू आल्यावर म्हणतोस परका आणा? कारण सांग." हा जमिनीकडं बघत उभा. शेवटी म्हणाला, "कारण आहे." काका म्हणाले, "बायको परत बोलावते का?" सगळे हसले. तोही हसला, पण बसला नाही. मग अर्ज गेला.

रविवारी त्यानं मशीनची खोली आणि पाण्याची खोली यांच्या मधल्या उघड्या भागात पत्रा ठोकला, छतापर्यंत. मी विचारलं, हे कशाला? म्हणतो, वाऱ्यासाठी. घरात कुठला वारा?

आणि काल शिकारीहून आला, कांगारूचं शेपूट माझ्या पायरीवर ठेवलं. म्हणाला, "गाडी शहरात जातेय ना?" कुणासाठी ते बोलला नाही. बर्फात घालून पाठवते आहे. खा किंवा फेकून दे.

मला तो कळत नाही आणि तूही कळत नाहीस. दोघं मिळून मला वेड लावणार.

रेनिता


शहर, २० जून

माझ्या लेकी,

शेपूट मिळालं. होस्टेलच्या मागच्या अंगणात खड्डा करून राखेत भाजलं. वॉर्डन धावत आली, इथं जाळ करायचा नाही, नियम आहे. शेजारची बाई तिला म्हणाली, बाई गं, बस, तुकडा घे. ती बसली. बोटं चाटून गेली.

मी किती दिवसांनी पोटभर जेवले ते लिहीत नाही, तू रडशील.

आता मी सांगते तेवढंच कर. पाण्याच्या खोलीजवळ जा आणि कुणाशीही बोलत असल्यासारखं मोठ्यानं म्हण, शेपूट चरबीचं होतं. बस. माझं नाव घेऊ नकोस.

तुला एक आठवण सांगते. तू पाच-सहा वर्षांची असशील. दुकानासमोर तुझे वडील पत्ते खेळत बसले होते. तुझी आजी, माझी आई, पीठ घ्यायला निघालेली. त्यांना बघून ती वळली आणि मागच्या काटेरी झुडपांतून, पायात काटे घेत, दुकानाला वळसा घालून मागच्या दारानं गेली. तुझ्या वडिलांनीही पत्ते टाकले आणि तोंड फिरवून बसले. तू मोठ्यानं विचारलंस, आजी बाबांना घाबरते का? आजीनं तुला टोपीनं मारलं. घाबरणं नव्हतं ते. तिच्या चुलीवर मांस कोण आणून टाकत होतं, ते तू कधी पाहिलं नाहीस. तेही दुसऱ्याच कुणाच्या हातून यायचं. आयुष्यभर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत आणि ती गेली तेव्हा सगळ्यात जास्त तेच रडले.

शीक. नीट शीक. रबर गप्प बसतं, मी बसणार नाही.

मावशी


वाकाटी, १ जुलै

मावशी,

तुझं पत्र मी टॉप्सी आजीला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाली, "कळायला एवढे दिवस लागले? मी तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "तू थट्टा करत होतीस."

"थट्टाच. मेहुण्याची थट्टाच करतात."

मग तिनं सांगता येण्यासारखं सांगितलं. मी दूर शाळेत होते त्या वर्षी त्याला मोठ्या माणसांत घेतलं, आणि त्या वेळी तुझा नवरा त्याच्यासाठी उभा राहिला. उरलेलं पुरुषांचं आहे, मी विचारलं नाही. तेव्हाच तुझी लेक त्याला द्यायची असं ठरलं. ती त्याच्या घरी गेली नाही, दुखण्यातच गेली, त्यानं पुढं दुसरीकडं लग्न केलं. पण सासू ती सासूच, आणि जावई तो जावईच, समोरासमोर यायचं नाही.

आणि मी तुला त्याचा फोटो पाठवला! वर लिहिलं, नीट बघ! मावशी, मला इतकी शरम वाटली की दोन दिवस मी त्याच्यासमोर गेले नाही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "मेहुणीबाई, रबराचा हात वाट बघतोय." म्हणजे त्याला कळलं होतं की मला कळलं.

मी त्याला काहीच विचारलं नाही. पाण्याच्या खोलीबाहेर उभी राहिले आणि टॉप्सी आजीला म्हटलं, मोठ्यानं, "शेपूट चरबीचं होतं." आत नळ चालू होता, तो बंद झाला. मग पुन्हा चालू झाला. संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला. तो शीळ घालतो हे मला माहीतच नव्हतं.

सभेत टॉप्सी आजी स्वतः गेली. तुझं नाव घेऊन एवढंच म्हणाली, "डल्सी कुणाची सासू आहे, आठवा." हॅरॉल्ड काकांनी टोपी काढून तोंडावर धरली. त्या वर्षी तेही तिथंच होते. टोपीआडून म्हणाले, "दारं दोन केली. धूर केला. खुर्ची डोंगराकडं केली. आणि तिच्या हातात सुई टोचायला तिचा जावई ठेवला." मग सगळे हसत सुटले, रडल्यासारखे. हीच चूक परक्यांनी केली असती तर आम्ही सहा पानी तक्रार लिहिली असती. आपला माणूस मागितला, पण आपला माणूस म्हटला की तो कुणाचा तरी कुणीतरी असतोच, हे आपणच विसरलो.

बाई नर्स आली आहे. मारेट. बर्फाच्या देशातली. मी तयार होईपर्यंत राहील. टॉप्सी आजी लगेच तिला मुलगी करून घ्यायला निघाली होती. मी म्हटलं, थांब! आधी नीट बसून बघू तिला नात्यात कुठं बसवायचं, नाहीतर तीही कामातून जाईल.

तू आत्ताच ये ना. मारेट आहे तोवर ती करेल.

रेनिता


शहर, १० जुलै

लेकी,

ती जाणार. मग मी पुन्हा गाडीत बसून इकडं येऊ? एकदा दार धरून बसले होते, दुसऱ्यांदा माझ्यात जोर नाही. येईन ती राहायलाच. तुझा हात तयार होऊ दे.

फोटो मी पाकिटात घालून चिकटवून परत पाठवते. त्याच्या बायकोला दे. सांग, साखर लागली असेल.

मावशी


वाकाटी, ९ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र नाही. मी होस्टेलला फोन केला, सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल म्हणून. शेजारच्या खाटेवरची बाई बोलली. तू इस्पितळात आहेस म्हणाली, छातीत पाणी झालं होतं. तू मला कळवायला मनाई केली होतीस, तेही तिनंच सांगितलं. भली बाई.

खोकला आहे म्हणत होतीस. मी तो बहाणा समजले. तुझं एकच वाक्य खरं होतं आणि मी नेमकं तेच खोटं धरलं.

मी क्लिफ्टनला म्हटलं, मला उद्याच परीक्षेला बसव, वेळ नाही. त्यानं नाही म्हटलं. मी त्याला नको नको ते बोलले, मेहुण्याला बोलतात त्याच्याही पलीकडचं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "घाईत शिकलेला हात मी तिच्या—" आणि थांबला. मग म्हणाला, "मी कुणाच्याही हाताला लावू देणार नाही." आणि रबराचा हात पुढं केला.

आता सकाळ-संध्याकाळ बसते. मारेट म्हणते, माझी सुई आता सरळ जाते. हॅरॉल्ड काकांनी परवा स्वतःचा हात पुढं केला. म्हणाले, "कर. झालेल्या चुकीत माझाही वाटा आहे." माझं एकदाच चुकलं. ते झोपले नाहीत, पण ओरडलेही नाहीत.

चालत राहा. इस्पितळाच्या बोळात का होईना, पण पाय चालू ठेव.

रेनिता


शहर, २१ ऑगस्ट

लेकी,

परत होस्टेलवर आले. काळजी नको. तिथं एक तरुण डॉक्टर होता. माझ्या कागदावर लिहिलं होतं की घराजवळ सोय असून जायला नकार देते. त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि विचारलं, का नाही म्हणता? कुणी आधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सांगता येत नाही. तो म्हणाला, बरं. ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, कारण आहे. मला तो आवडला.

बोळात चालते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भिंतीला हात न लावता.

मावशी


वाकाटी, ११ सप्टेंबर

मावशी,

झाले पास. मारेटनं सही केली, क्लिफ्टननं सही केली, टॉप्सी आजीनं कुणी मागितली नसताना अंगठा उठवला.

असं ठरलं आहे. बायकांचे दिवस माझे, पुरुषांचे त्याचे. तुझ्या दिवशी तो पत्र्यामागं पाण्याच्या खोलीत राहील, त्याच्याच बाजूच्या दारानं येईल-जाईल. मशीननं मला गोंधळात टाकलं तर मी पत्र्यावर टकटक करीन आणि विचारीन. तो मला सांगेल. तू ऐकलंस तर वाऱ्याचा आवाज समज.

पंधराला गाडी येते. यावेळी मी स्वतः येते, टॉप्सी आजीही येते. कुत्रीला काही सांगितलेलं नाही.

रेनिता


शहर, १४ सप्टेंबर

लेकी,

गाडी उद्या येईल, म्हणजे हे पत्र माझ्याबरोबरच पोचणार. तरी लिहिते. पत्राची सवय लागली, समोर असताना मला इतकं बोलता येत नाही.

खाट शेजारच्या बाईला दिली, तिची करकरते. साखरेचा डबाही तिलाच. ती म्हणाली, डोंगर पुन्हा काढून दाखव. मी काढला. या वेळी मोठा काढला.

मला दारापर्यंत धरून नेऊ नका. गाडीतून मी उतरेन आणि चालत जाईन. पडले तर उचला.

तुझ्या पहिल्या सुईला मी ओरडेन. मनावर घेऊ नकोस.

मावशी


(त्याच कागदाच्या पाठीवर, रेनिताच्या अक्षरात)

आम्ही अंधार पडायच्या आत पोचलो. मावशी चालत घरात गेली. कुत्री तिच्या पायांत आल्यामुळं एकदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बायकांच्या दारानं आली आणि खिडकीजवळ बसली. माझी टोपी तिनं मांडीवर घेतली. पहिली सुई चुकली, ती ओरडली; दुसरी लागली. मी पत्र्यावर दोनदा टकटक केलं. पलीकडे नळ फिरल्याचा आवाज झाला, पाणी सुरू झालं. मावशीनं डोंगराकडं बघत मला सांगितलं, पाणी चांगलं आहे. घरी परतलो तेव्हा पायरीवर शेपूट ठेवलेलं होतं.